सूत्रं येतात, उत्तरंही येतात, पण कळत नाही: कॉम्प्लेक्स अनॅलिसिस नेमकं कुठून धरायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एका चलाचं कॅल्क्युलस झालंय. तीन महिने स्वतःच कॉम्प्लेक्स अनॅलिसिस वाचतोय. कोशी-रीमान समीकरणं तपासता येतात, रेसिड्यू काढून उत्तरही बरोबर येतं, पण सगळी हातचलाखी वाटते. पाया कच्चा असेल म्हणून आधी रिअल अनॅलिसिस आणि टोपॉलॉजी पूर्ण करू का? की पुस्तकच बदलू?"

मला वाटतं तुमचं दुखणं पुस्तकात नाही, आणि पायातही फारसं नाही. वीसेक वर्षं पदवीच्या वर्गांना हा विषय शिकवतोय. ही तक्रार दरवर्षी ऐकतो आणि ती करणारा बहुतेक वेळा वर्गातला चांगला विद्यार्थी असतो. ज्याला सूत्र पुरतं, तो तक्रार करत नाही. खरी अडचण अशी आहे की या विषयाचा, म्हणजे संमिश्र संख्यांवरच्या कॅल्क्युलसचा, सगळा डोलारा दोन अगदी लहान गोष्टींवर उभा आहे, आणि पाठ्यपुस्तकं त्या दोन्ही उरकून पुढे जातात. पहिली गोष्ट, संमिश्र संख्येने गुणणं म्हणजे फिरवणं आणि ताणणं. दुसरी, एक भागिले झेड या फंक्शनचं शून्याभोवतीच्या वर्तुळावरचं इंटिग्रल शून्य येत नाही. या दोन गोष्टी हाताला लागल्या की हातचलाखी वाटणारा भाग बराचसा सरळ दिसू लागतो.

कशासाठी शिकताय यावर थोडं अवलंबून आहे, आणि तेवढं तुम्ही सांगितलेलं नाही. इंजिनिअरिंग किंवा भौतिकशास्त्रासाठी शिकत असाल तर सिद्धता एकदा नीट वाचून पुढे गेलात तरी चालेल. भर इंटिग्रलं आणि सिरीजवर द्या. गणित हाच विषय असेल तर प्रत्येक सिद्धता स्वतः लिहून काढण्याला पर्याय नाही. पण सुरुवात दोघांची एकच.

रिअल अनॅलिसिस संपण्याची वाट बघू नका. सुरुवातीला लागतं ते एवढंच: लिमिटचा अर्थ, आंशिक डेरिव्हेटिव्ह, वक्रावरचं इंटिग्रल आणि सिरीज कधी एकवटते याची जाण. युनिफॉर्म कन्व्हर्जन्स (सिरीज सगळ्या बिंदूंवर सारख्याच वेगाने एकवटणं) लागतो, पण तो सिरीजचं पदापदाने इंटिग्रल घेताना. तिथे पोचल्यावर दोन दिवस थांबून तेवढाच शिका. गरज समोर उभी असताना तो पटकन कळतो, एरवी नुसती व्याख्या राहते. टोपॉलॉजीचंही तसंच. पहिल्या वाचनाला दोनच प्रश्न पुरतात: आपण ज्या भागात काम करतोय तो सलग आहे का, आणि त्याला भोक आहे का.

आता मुद्द्यावर येतो. लिहायच्या सोयीसाठी झेड या संमिश्र संख्येला 'झ' म्हणतो, त्याच्या दोन भागांना 'क्ष' आणि 'य', आणि उणे एकच्या वर्गमुळाला 'इ'. म्हणजे झ = क्ष + इय.

गुणाकार आधी. झ ला इ ने गुणलं की तो काटकोनात फिरतो. १ + इ ने गुणलं की ४५ अंशांनी फिरतो आणि √२ पट लांब होतो. ही गोष्ट सगळ्यांना "माहीत" असते, पण वापरायची वेळ आली की विसरली जाते. यात तुमचा दोष नाही. इटालियन गणिती बोम्बेली यांनी या संख्यांच्या बेरीज-गुणाकाराचे नियम १५७२ मध्ये छापले, आणि त्या प्रतलावर ठेवून गुणाकार म्हणजे फिरवणं, हे वेसेल यांनी मांडलं १७९७ मध्ये. मधली सव्वादोनशे वर्षं भलेभले गणिती चित्राशिवाय काम करत होते. त्या मानाने तीन महिने म्हणजे काहीच नाही.

आता डेरिव्हेटिव्ह. वास्तव कॅल्क्युलसमध्ये डेरिव्हेटिव्ह म्हणजे स्पर्शरेषेचा चढ, हे डोक्यात बसलेलं असतं. ते चित्र इथे सोडून द्यावं लागतं, कारण संमिश्र फंक्शनचा आलेख काढायला चार मिती लागतील. त्याऐवजी असं बघा: फंक्शन प्रतलावरचा बिंदू उचलून दुसऱ्या प्रतलावर ठेवतं. त्या बिंदूपासून निघालेल्या छोट्या बाणांचं काय होतं? डेरिव्हेटिव्ह असणं म्हणजे ते सगळे बाण एकाच संमिश्र संख्येने गुणले जाणं. सगळे सारख्याच कोनातून फिरणार, सारखेच ताणले जाणार.

हे एकदा आकड्यांनी करून बघा. फंक्शन झ चा वर्ग, बिंदू १ + इ. तिथे फंक्शनची किंमत २इ. डेरिव्हेटिव्ह २झ, म्हणजे २ + २इ; भाकीत असं की छोटे बाण ४५ अंशांनी फिरतील आणि सुमारे २.८३ पट होतील. आता उजवीकडे ०.१ सरका: १.१ + इ चा वर्ग ०.२१ + २.२इ, म्हणजे बाण झाला ०.२१ + ०.२इ. वर ०.१ सरका: १ + १.१इ चा वर्ग −०.२१ + २.२इ, बाण झाला −०.२१ + ०.२इ. दोन्ही कागदावर काढा. मूळ बाण आडवा आणि उभा होता. आता दोन्ही तिरके झालेत, जवळजवळ ४५ अंशांनी, आणि त्यांच्यातला काटकोन जवळजवळ तसाच आहे. ०.१ ऐवजी ०.०१ घेतलंत तर "जवळजवळ" आणखी कमी होईल.

आता हेच कॉन्जुगेटवर करा, म्हणजे क्ष + इय चं क्ष − इय. उजवीकडचा बाण तसाच राहतो, वरचा बाण खाली जातो. एक बाण १ ने गुणला गेला, दुसरा −१ ने. एकच संख्या दोघांना लागू होत नाही, म्हणून डेरिव्हेटिव्ह नाही. फंक्शन दिसायला अगदी गुळगुळीत, आरशातलं प्रतिबिंबच ते, कुठे टोक नाही की तुटलेपणा नाही. तरीही एकाही बिंदूवर डेरिव्हेटिव्ह नाही. इथे विद्यार्थ्यांचा चेहरा बदलतो, आणि तो बदलायलाच हवा. "डेरिव्हेटिव्ह असणं" ही अट वास्तव जगापेक्षा इथे किती कडक आहे, ते याच जागी कळतं.

कोशी-रीमान समीकरणं यातूनच आपोआप निघतात. पाठ करायची गरज नाही. अ + इब ने गुणलं तर आडवा एकक बाण (अ, ब) होतो आणि उभा एकक बाण (−ब, अ). कुठल्याही गुळगुळीत फंक्शनला प्रत्येक बिंदूवर चार आंशिक डेरिव्हेटिव्ह असतात, चारही मोकळे. संमिश्र डेरिव्हेटिव्ह म्हणतो की नाही, दोनच मोकळे. उरलेल्या दोघांपैकी एक पहिल्याइतकाच आणि दुसरा उलट चिन्हाचा. झाली समीकरणं. चिन्ह कुठल्याला, हे मी आजही पाठ ठेवत नाही. (−ब, अ) मनात काढतो आणि लिहितो.

इथे एक सापळा आहे. एखाद्या बिंदूवर ही समीकरणं जुळली म्हणून तिथे डेरिव्हेटिव्ह असतोच असं नाही. क्ष गुणिले य च्या केवलमूल्याचं वर्गमूळ घ्या: दोन्ही अक्षांवर हे फंक्शन शून्य आहे, त्यामुळे शून्यावर चारही आंशिक डेरिव्हेटिव्ह शून्य आणि समीकरणं बिनबोभाट जुळतात. पण ४५ अंशांच्या रेषेवरून शून्याकडे या, गुणोत्तर शून्याकडे जातच नाही. समीकरणांनी दोनच दिशा तपासल्या, उरलेल्या सगळ्या राहिल्या. आंशिक डेरिव्हेटिव्ह सलग असले की ही भीती राहत नाही. आणि "अनॅलिटिक" हा शब्द एका बिंदूपुरता नाही, त्या बिंदूभोवतीच्या एखाद्या पूर्ण चकतीत डेरिव्हेटिव्ह असण्याबद्दल आहे. काही पुस्तकं याला होलोमॉर्फिक म्हणतात. गोष्ट एकच, घाबरू नका.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हाच या विषयाचा गाभा. शून्याभोवती एकक वर्तुळ घ्या आणि १/झ चं इंटिग्रल काढा. पुस्तकात दोन ओळींत २ पाय इ येतं (पाय म्हणजे π, सुमारे ३.१४) आणि पान उलटतं. तुम्ही उलटू नका. हातानं काढा, तेही अंदाजे.

वर्तुळावर समान अंतरावर आठ बिंदू घ्या. पहिला १, दुसरा ०.७०७ + ०.७०७इ. या दोघांतला फरक −०.२९३ + ०.७०७इ, हा तुमचा छोटा तुकडा. फंक्शनची किंमत घ्यायला दोघांचा मध्यबिंदू वापरू: ०.८५४ + ०.३५४इ. तुकडा भागिले मध्यबिंदू करा. उत्तर येतं ०.८२८इ. वास्तव भाग पूर्ण नाहीसा! का, ते चित्रात बघा: जीवा तिच्या मध्यातून जाणाऱ्या त्रिज्येला काटकोनात असते, आणि काटकोनातल्या दोन बाणांचा भागाकार म्हणजे इ ची कुठलीतरी पट. बाकीचे सात तुकडे याच तुकड्याची फिरवलेली रूपं आहेत. भागाकारातला वरचा तुकडा आणि खालचा मध्यबिंदू दोन्ही सारखेच फिरले, त्यामुळे भागाकार तोच. आठपट केली की ६.६३इ. सोळा बिंदू घेतले तर ६.३७इ. जायचंय ६.२८इ कडे, म्हणजे २ पाय इ कडे. (गंमत म्हणजे हे ६.६३ आणि ६.३७ म्हणजे वर्तुळाला बाहेरून टेकणाऱ्या अष्टकोनाची आणि सोळाकोनाची परिमिती आहे.)

मग हाच उद्योग फंक्शन झ घेऊन करा. तुकडा गुणिले मध्यबिंदू म्हणजे शेजारच्या दोन बिंदूंच्या वर्गांतल्या फरकाचा अर्धा. सगळे मिळवले की मधली पदं एकमेकांना खातात, शेवट सुरुवातीला येऊन मिळतो, बेरीज अगदी शून्य. आठच बिंदूंत, अंदाज वगैरे नाही.

फरक कुठे पडला? झ च्या कुठल्याही घाताला, धन असो वा ऋण, मूळ फंक्शन आहे: घात एकाने वाढवा आणि भागा. चक्कर मारून त्याच जागी आलात की मूळ फंक्शनचीही किंमत तीच, म्हणून इंटिग्रल शून्य. एकच घात याला अपवाद आहे, उणे एक, कारण तिथे भागायला शून्य येतं. त्याचं मूळ फंक्शन लॉगरिदम. आणि लॉगरिदम चक्कर मारून परत येत नाही, वर चढतो. चक्री जिन्यासारखं: वरून बघणाऱ्याला तुम्ही त्याच जागी आलात असं दिसतं, पण प्रत्यक्षात तुम्ही एक मजला वर आहात. मजल्याची उंची २ पाय इ. आणखी उघड करून सांगायचं तर छोट्या सरकण्याला झ ने भागलं की दोन भाग मिळतात: अंतर किती टक्क्याने वाढलं तो वास्तव भाग, आणि कोन किती फिरला तो इ चा भाग. चक्कर पूर्ण झाल्यावर अंतर मूळपदावर येतं. कोन मात्र पूर्ण एक फेरा जमा करून बसतो.

हे नीट बसलं की "लॉगच्या अनेक किमती" आणि "ब्रँच कट" हे वेगळे धडे राहत नाहीत. ब्रँच कट म्हणजे जिन्यावर लावलेली आडकाठी, मजला बदलू नये म्हणून. कुठे लावायची ते आपण ठरवतो. लायब्निट्स आणि योहान बेर्नूली या गणित्यांमध्ये १७१२-१३ मध्ये ऋण संख्येच्या लॉगवरून पत्रांतून वाद झाला होता. बेर्नूलींचं म्हणणं, −क्ष चा वर्ग आणि क्ष चा वर्ग एकच, म्हणून दोघांच्या लॉगची दुप्पट एकच, म्हणून −क्ष आणि क्ष चा लॉगही एकच. आजही दरवर्षी कुणीतरी उत्तरपत्रिकेत हेच लिहितं. चूक काय? वर्ग करताना मजला बदलला आणि हिशेबात धरला नाही. पुढे ऑयलर यांनी लॉगला अनंत किमती असतात हे दाखवून वाद मिटवला.

एवढं झाल्यावर कोशी यांचं प्रमेय वाचा. बंद वक्रावर आणि त्याच्या आत फंक्शन सगळीकडे अनॅलिटिक असेल तर इंटिग्रल शून्य. सिद्धतेबद्दल माझा सल्ला पुस्तकापेक्षा वेगळा आहे. पहिल्यांदा ग्रीनच्या प्रमेयाने (बंद वक्रावरचं इंटिग्रल आतल्या भागावरच्या इंटिग्रलमध्ये बदलणाऱ्या) करा, डेरिव्हेटिव्ह सलग आहे असं धरून. चार ओळी लागतात आणि कोशी-रीमान समीकरणं कुठे कामाला आली ते डोळ्यांना दिसतं. ही सलगतेची अट लागतच नाही, हे गूर्सा यांनी दाखवलं. ती त्रिकोणाचे बारीक बारीक तुकडे करत जाणारी सिद्धता सुंदर आहे, पण दुसऱ्या वाचनासाठी ठेवा. पहिल्याच वाचनात तिच्यात शिरलेले अनेक जण तिथेच थकतात आणि प्रमेय म्हणतंय काय तेच विसरतात.

प्रमेयाचा उपयोग असा: वक्र हवा तसा सरकवा, वाटेत खराब बिंदू (जिथे फंक्शन अनॅलिटिक नाही असा) आला नाही तर उत्तर बदलत नाही. म्हणूनच १/झ साठी वर्तुळ किती मोठं, की चौकोन, की वेडावाकडा आकार, याने फरक पडला नाही. आता एक अनॅलिटिक फंक्शन आणि वक्राच्या आतला एक बिंदू अ घ्या, फंक्शनला झ − अ ने भागा, आणि अ भोवतीचा वक्र आवळत आवळत अगदी लहान वर्तुळ करा. त्या लहान वर्तुळावर फंक्शन जवळजवळ अ वरच्या किमतीइतकंच असतं. ती किंमत बाहेर काढा, उरतं काय? आपलं जुनं १/झ. म्हणून उत्तर २ पाय इ गुणिले अ वरची किंमत. हेच कोशी यांचं इंटिग्रल सूत्र. पुस्तकात ते मोठ्या चौकटीत छापलेलं असतं आणि स्वतंत्र चमत्कार वाटतं. पण ते म्हणजे अष्टकोनाचा तो हिशेब आणि वक्र आवळण्याची मुभा, बस.

परिणाम मात्र प्रचंड आहेत. कडेवरच्या किमती कळल्या की आतली प्रत्येक किंमत ठरली. एकदा डेरिव्हेटिव्ह असेल तर तो कितीही वेळा आहे. वास्तव जगात असं काही नाही: क्ष गुणिले क्ष चं केवलमूल्य, याला शून्यावर पहिला डेरिव्हेटिव्ह आहे, दुसरा नाही. शिवाय अनॅलिटिक फंक्शनची टेलर सिरीज (डेरिव्हेटिव्हांवरून लिहिलेली घातांची बेरीज) खरोखर त्या फंक्शनकडेच जाते, आणि किती दूरपर्यंत जाते तेही न मोजता सांगता येतं.

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबतो, कारण संमिश्र संख्या "खऱ्या" आहेत का या शंकेवर याहून चांगलं औषध मला माहीत नाही. एक भागिले १ + क्ष-वर्ग हे फंक्शन घ्या. पूर्ण वास्तव अक्षावर टेकडीसारखं गुळगुळीत, कुठे काही बिघाड नाही. त्याची शून्याभोवतीची सिरीज १ − क्ष-वर्ग + क्ष चा चौथा घात, वगैरे. ती १ च्या पलीकडे कोसळते. का? अक्षावर १ पाशी काहीच घडत नाही. घडतं ते वर, इ आणि −इ वर, जिथे छेद शून्य होतो. शून्यापासून त्यांचं अंतर १, म्हणून त्रिज्या १. हीच सिरीज १ या बिंदूभोवती लिहिलीत तर? एकही सहगुणक न काढता सांगतो: √२ पर्यंत चालेल, कारण १ पासून इ तेवढ्या अंतरावर आहे. अक्षावर बसलेल्याला न दिसणारा बिंदू अक्षावरची सिरीज थांबवतो.

सिंग्युलॅरिटीचे, म्हणजे खराब बिंदूंचे, तीन प्रकार आणि लोराँ सिरीज (जिच्यात ऋण घातही येतात) यांवर फार वेळ घालवू नका. एकेक उदाहरण पक्कं करा. फक्त तिसऱ्या प्रकारासाठी (इसेन्शिअल) एक्सपोनेन्शिअल, म्हणजे ई (e, सुमारे २.७२) चा १/झ हा घात, शून्याजवळ तपासा: उजवीकडून आलात तर अनंताकडे, डावीकडून आलात तर शून्याकडे, आणि उभ्या अक्षावरून आलात तर केवलमूल्य १ वरच ठाम. इतकं सैरभैर वागणं पोलपाशी, म्हणजे १/झ च्या शून्यासारख्या बिंदूपाशी, कधी दिसत नाही. तिथे कुठूनही आलात तरी केवलमूल्य अनंताकडेच जातं.

आता रेसिड्यू, जिथे तुम्हाला हातचलाखी वाटली. लोराँ सिरीजमधल्या सगळ्या घातांचं चक्करभर इंटिग्रल शून्य, फक्त उणे एक घात उरतो, म्हणून त्याचा सहगुणक तेवढा हवा. रेसिड्यू म्हणजे दुसरं काही नाही, १/झ चा त्या फंक्शनमधला वाटा.

सरावाला पहिलं इंटिग्रल असं घ्या की ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे: १ भागिले १ + क्ष-वर्ग, उणे अनंत ते अनंत. शाळकरी पद्धतीने पाय. रेसिड्यूने: वरच्या अर्धप्रतलात एकच खराब बिंदू, इ, रेसिड्यू १ भागिले २इ, गुणिले २ पाय इ, उत्तर पाय. जुळलं. आता अंशात कॉस क्ष ठेवा. इथे माझ्या वर्गात अर्धी मुलं दरवर्षी पडतात. ती सरळ कॉस झ ठेवतात, इ वर रेसिड्यू काढतात, आणि उत्तर येतं पाय गुणिले कॉश १ (कॉश म्हणजे हायपरबोलिक कॉस), म्हणजे सुमारे ४.८५. हे उत्तर लिहिण्यापूर्वी एक क्षण थांबा. वास्तव अक्षावर कॉस कधीच १ च्या वर जात नाही, त्यामुळे हे इंटिग्रल आधीच्या पायपेक्षा, म्हणजे ३.१४ पेक्षा मोठं असूच शकत नाही. चूक कुठे? वरच्या मोठ्या अर्धवर्तुळावर. तिथलं इंटिग्रल शून्याकडे जातं असं आपण गृहीत धरलं, पण कॉस झ उभ्या अक्षावर वर जाताना प्रचंड वाढतो. म्हणून कॉस ऐवजी एक्सपोनेन्शिअल, ई चा इझ हा घात, घ्यायचा, जो वरच्या बाजूला विझत जातो, आणि शेवटी वास्तव भाग उचलायचा. उत्तर पाय भागिले ई, सुमारे १.१६.

म्हणजे हातचलाखी वाटण्याचं खरं कारण बहुतेक वेळा हेच असतं: अर्धवर्तुळ का नाहीसं होतं हे न तपासता पुढे जाणं. मी विद्यार्थ्यांना सक्ती करतो की रेसिड्यू काढण्याआधी चित्र, खराब बिंदू आणि कडेचा अंदाज एवढं वहीत हवं. कडेची ओळ नसेल तर बरोबर उत्तरालाही अर्धेच गुण. यावरून पुष्कळांची नाराजी मी ओढवून घेतली आहे, पण नियम तसाच आहे.

पुस्तकाबद्दल विचारलंत म्हणून: हातात आहे तेच ठेवा, जर त्यात चित्रं भरपूर असतील आणि उदाहरणांची उत्तरं मागे असतील. चित्रंच नसतील तर चित्रांचं एक जोडीला घ्या. तीन पुस्तकं एकदम उघडू नका. प्रत्येकाची खुणांची पद्धत वेगळी, ब्रँच कट लावायची जागा वेगळी, आणि अर्धा वेळ भाषांतरात जातो. कन्फॉर्मल मॅपिंग आणि रीमान यांचं मॅपिंग प्रमेय सध्या बाजूला राहू द्या.

थोडक्यात क्रम असा: बाणांची आकडेमोड, १/झ चा अष्टकोन, लॉगचा जिना, कोशी, सिरीजची त्रिज्या, मग रेसिड्यू. रोज तासभर दिलात तर दोन-अडीच महिने. वक्रावरचं इंटिग्रल विसरला असाल तर आधी एक आठवडा त्याला.

आणि एक उदाहरण देतो, ते दोन पद्धतींनी सोडवा. १ भागिले १ अधिक क्ष चा चौथा घात, उणे अनंत ते अनंत. पहिल्यांदा नेहमीचं अर्धवर्तुळ: आत दोन खराब बिंदू सापडतील, ४५ आणि १३५ अंशांवर. दुसऱ्यांदा अर्ध्याऐवजी पाव वर्तुळ घ्या, शून्यापासून उजवीकडे, कमानीवरून वर, आणि उभ्या अक्षावरून परत. आत एकच बिंदू राहील, पण उभ्या अक्षावरच्या परतीच्या वाटेवर एक इ बाहेर पडेल, त्याचं काय करायचं ते तुमचं तुम्ही शोधा. पाव वर्तुळाचं उत्तर दुप्पट करायला विसरू नका. दोन्हीकडून पाय भागिले √२, म्हणजे २.२२ यायला हवं.